बोट

ट्रॉम्बे कोळीवाड्याच्या समाजमंदिरात
आम्ही पंखा लावून बसलो होतो, टॅब्लेट पाच, चार्जर दोन.
दिवसाला चाळीस नोंदी, असं ऑफिसने सांगितलेलं.
खाडीत तेल सांडलं, गाळ टाकला, पूल आला,
तर कुणाचं किती बुडालं ते लगेच कळावं
म्हणून हे अ‍ॅप. हेतू चांगला होता.
हेतू चांगलाच असतो. हा माझा चौथा प्रकल्प.

पहिल्या आल्या चांगुणा वैती.
नाव झालं. वय विचारलं तर नुसत्या हसल्या.
मग लाल चांदणीचा रकाना, सक्तीचा:
बोटीचा नंबर.

"होरी नाय आमची. आमी चिखलान चालताव."

पुढे सरकवून पाहिलं. स्क्रीन थरथरली, जाईना.
"मंग लिव माजे पायाचा नंबर," त्या म्हणाल्या. "सहा."

मागे बायका फुटल्याच. मीही हसले,
आणि खरंच सहा टाकून पाहिला.
किमान आठ अक्षरं हवी होती.

अंगठ्याचंही तेच.
कालवं फोडून फोडून रेघा गेलेल्या,
यंत्र म्हणे पुन्हा प्रयत्न करा.
एक बोट नव्हती म्हणून अडलं,
दुसरं होतं तरी अडलं.

ऑफिसला फोन केला. "इतर मध्ये टाक ना."
या इतर मध्ये मी याआधी माणसं टाकली नाहीत असं नाही,
बरीच टाकलीत, जेवणाच्या सुट्टीआधी.
पण चांगुणाबाई समोर बसून
माझ्या टॅब्लेटची काच पदराने पुसत होत्या.

"परवा आवस हाय," त्या म्हणाल्या, "पानी लांब जाल. तू ये."

गेले. पोटरीभर, मग गुडघाभर चिखल,
तिवरांची मुळं बोटं वर करून उभी,
पलीकडे रिफायनरीची ज्योत दिवसाढवळ्या.
माझ्या नकाशात इथे एकच राखाडी रंग होता.
त्यांच्याकडे अकरा नावं:
काळा फाटा, बयोची पाट,
आणि एक नुसती 'लग्नातली',
कुणाच्या तरी हळदीच्या दिवशी सापडली म्हणून.
भाविका भांजी, त्यांची भाची, आयटीआय झालेली,
टॅब्लेट प्लास्टिकच्या पिशवीत धरून टाइप करत होती.
तारीख काढ, तिथी घाल, म्हणाली.
किलो नको, टोपली.
आणि तो नंबर? ती चांदणी आधी काढ.

एका वळणावर चांगुणाबाई थांबल्या.
"हितं बोट लावू नको."
मी पाण्याकडे पाहिलं. त्या स्क्रीनकडे पाहत होत्या.
"हितं तिसऱ्यांचं बी पडतं.
नकाशान गेलं म्हंजे गेलं."

मी बोट उचललं.

मग तीन महिने बैठका, बहुतेक रविवारी,
बाजार उठल्यावर, बर्फाच्या पेट्यांवर बसून.
यादी वाड्यात राहील, ऑफिसला फक्त बेरीज जाईल:
मान्य.
पासवर्ड दोघींकडे, त्याही एका घरातल्या नकोत:
यावरून भांडण, मग मान्य.
चिखलात शिकवलं त्या दिवसांची मजुरी:
ऑफिस म्हणालं, बघू.
चांगुणाबाई दर बैठकीला विचारतात, बघितलं का.
मी अजून मान खाली घालते.

परवा पुण्याहून तपासणीचा शेरा आला.
नकाशात इथे भोक आहे, माहिती राहिली का?

लिहिलं: राहिली नाही, ठेवली आहे.
पाठवणार, तेवढ्यात वाटलं
या वाक्यात कुणीच नाही.
पुसलं. पुन्हा लिहिलं, नावानिशी:
चांगुणा वैती, भाविका भांजी
आणि चिखलात चालणाऱ्या एकवीस जणींनी
ठेवली आहे.